वाळवंटात पसरलेले फिनिक्स

श्रोतेहो, नमस्कार. राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी आपल्या लेखनात आणि भाषणांत वरचेवर भेटतो. आज बोलायचे आहे ते त्याचे नाव धारण करणाऱ्या शहराविषयी. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याची ही राजधानी सोनोरन वाळवंटात, सॉल्ट नदीच्या खोऱ्यात वसली आहे. होहोकाम या प्राचीन मूलनिवासी लोकांनी लोखंडी अवजारांवाचून आणि बैलघोड्यांवाचून येथे शेकडो किलोमीटरचे कालवे खणले होते. पंधराव्या शतकात त्यांच्या वस्त्या ओस पडल्या. १८६७ च्या सुमारास जॅक स्विलिंग याने त्याच कालव्यांच्या खुणा धरून पाणी पुन्हा खेळवले, तेव्हा जुन्या अवशेषांवर उभ्या राहणाऱ्या गावाला डॅरेल डुप्पा याने हे नाव सुचवले, असे सांगतात.

१९५० मध्ये येथे सुमारे १ लाख ७ हजार लोक १७ चौरस मैलांत राहत होते. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाखांवर आणि क्षेत्रफळ ५०० चौरस मैलांवर गेले. माणसे पंधरा पटींनी वाढली, जमीन मात्र तीस पटींनी, आणि या तफावतीतच शहराचा स्वभाव दिसतो. घरोघरी आलेले वातानुकूलन, मोटारगाडी आणि शेजारचा मुलूख हद्दीत ओढून घेण्याचे नगरपालिकेचे धोरण यांमुळे ते उंच न होता आडवे पसरले. मैला-मैलावर काटकोनात छेदणारे हमरस्ते आणि त्यांच्या चौकटींत बैठ्या घरांच्या वसाहती, असा त्याचा साचा आहे. पेठांच्या शहरात वाढलेल्या माणसाला गाव नेमके कोठे सुरू झाले, हेच तेथे कळत नाही.

एवढ्या लोकांना पाणी कसे पुरते? कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्याने येते, हे उत्तराचा एक भाग झाला. दुसरा भाग अनपेक्षित आहे: बरीच घरे कापसाच्या आणि संत्र्यांच्या शेतांवर उठली, आणि एकरभर शेताला जितके पाणी लागे त्याहून एकरभर घरांना सहसा कमी लागते. ही सवलत अमर्याद नाही. या परिसरात केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवानगी देणे राज्याने २०२३ मध्ये थांबवले.

मला उन्हाचा प्रश्न पाण्याहून बिकट वाटतो. त्याच वर्षी सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर राहिला. दिवसभर तापलेले डांबर आणि काँक्रीट रात्रीही निवत नाही. त्या उन्हाळ्यात रस्त्यावर कोसळलेली माणसे केवळ जमिनीच्या स्पर्शाने भाजून रुग्णालयात दाखल होत होती.