घोडा घ्यायच्या आधी खर्चाचं गणित

नमस्कार मंडळी! आज बोलूया एंड्युरन्स रायडिंगच्या खर्चाबद्दल, म्हणजे घोड्यावरून एका दिवसात 50 नाहीतर 100 मैल कापायचे तो खेळ. इथे कॅलिफोर्नियात आपल्या बऱ्याच घरातली मुलं रायडिंग शिकतायत, मग कुठूनतरी टेव्हिस कपचं, म्हणजे इथल्या 100 मैलांच्या राईडचं, नाव कानावर येतं आणि आईबाबांचा पहिला प्रश्न असतो, एन्ट्री फी किती?

तर फी हा सगळ्यात छोटा आकडा आहे हो. साध्या 50 मैलांच्या राईडला साधारण दीडशे-दोनशे डॉलर, टेव्हिसला त्याहून बरेच जास्त. पण हे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, कारण घोडा शर्यतीच्या दिवशीच खात नाही ना, वर्षभर खातो. मध्यम बांध्याच्या अरबी घोड्याला रोज आठ-नऊ किलो सुकं गवत लागतं, आणि बे एरियात तबेल्याचं भाडं महिन्याला हजार डॉलर सहज होतं. शिवाय दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येणार, लशी, दातांच्या टोकदार कडा घासून घेणं, हे वेगळंच. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याच्या किमतीचीच चर्चा होते, पण या खेळात किंमत एकदाच मोजायची असते, पोसायचं मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं.

टेव्हिसचं अजून एक आहे. 1955 पासूनची ही राईड, ट्रकीजवळ पहाटे सुरू होते आणि सिएरा नेवाडा ओलांडून ऑबर्नला संपते, 100 मैल, वेळ 24 तास. सुरुवात एकीकडे, शेवट दुसरीकडे, म्हणजे तुम्ही घोड्यावर असताना ट्रक आणि ट्रेलर चालवत पुढे नेणारं माणूस पाहिजे, वाटेत पाणी-चारा घेऊन थांबणारे दोघं-तिघं पाहिजेत, त्यांचं डिझेल, जेवण, राहणं हे सगळं तुमच्याच खिशातून. आणि एवढं करून वेळेत पोचलात तर मिळतं काय, तर कमरेच्या पट्ट्याचं चांदीचं बक्कल. रोख बक्षीस नाही. मला हे फार आवडतं, खरंच, कारण पैशासाठी कोणी घोड्याला मरेस्तोवर पळवत नाही.

वाटेत व्हेट चेक, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांकडून घोड्याची तपासणी, असतात. घोड्याची नाडी ठरलेल्या वेळेत मिनिटाला 60-64 पर्यंत खाली यायला हवी, मग डॉक्टर हिरडीवर बोट दाबून रंग किती पटकन परत येतो ते बघतात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, पोटातले आवाज ऐकतात आणि शेवटी दुडकी चालवून बघतात. जरासा लंगडला की राईड तिथेच संपली, आणि फी परत मिळत नाही. टेव्हिसला निघालेल्यातले जवळजवळ निम्मे पूर्ण करू शकत नाहीत. हा खर्च आधीच गेलाय असं समजूनच राईडमध्ये भाग घ्या, म्हणजे डॉक्टरांशी हुज्जत घालायची इच्छाच होणार नाही.

आता वाचवायचं कुठे? कपड्यात वाचवा, ट्रेलर एखाद्या दोस्ताबरोबर शेअर करा. महागडा हार्ट रेट मॉनिटर लगेच नको, साधा स्टेथोस्कोप घ्या, डाव्या कोपराच्या मागे लावा, 15 सेकंद मोजा, चारने गुणा, झालं. पण खोगीर आणि नाल यात एक डॉलरही वाचवू नका प्लीज. घोडा फिट होत गेला की त्याच्या पाठीचा आकार बदलतो, सहा महिन्यांपूर्वी छान बसणारं खोगीर आता घासायला लागतं, आणि तासाभराच्या राईडमध्ये जे कळत नाही ते 40 व्या मैलाला पाठीवर सूज म्हणून दिसतं. खोगीर बसवून देणाऱ्याला वर्षातून एक-दोनदा बोलवाच.

आणि घोडा विकत घ्यायची घाई अजिबात करू नका. आधी एखाद्या राईडला व्हॉलंटियर म्हणून जा, नाडी मोजायला माणसं हवीच असतात, शिकवतात पण तिथल्या तिथे, पैसे लागत नाहीत. दिवसभर तिथे उभं राहिलात की कोणाचा घोडा ताजा येतो, कोणाचा दमून येतो आणि का, हे दिसतं. ओळखी होतात. बऱ्याच जणांकडे एकापेक्षा जास्त घोडे असतात आणि त्यांना फिरवायला हलका, समजूतदार रायडर हवा असतो, अशी संधी मिळाली तर पहिली राईड 25 मैलांचीच घ्या, हेल्मेट तेवढं स्वतःचं आणि नवीन असू द्या.