पोटमाळ्यावरचं घड्याळ

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘झेनिथ : 1865 पासून आजपर्यंत’ असा छापलाय. चाळीस मिनिटं दिलीत. त्यातली बरीचशी मी एका पोटमाळ्यावर घालवणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ल लोक्ल हे गाव स्वित्झर्लंडमधल्या ज्युरा डोंगरात, फ्रान्सच्या सीमेजवळ. हिवाळ्यात बर्फ पडलं की शेतीची कामं थांबायची आणि शेतकरी खिडकीशी बसून घड्याळाचे सुटे भाग करायचे. कुणी चाकं, कुणी काटे, कुणी तबकड्या. 1865 साली 22 वर्षांच्या जॉर्ज फाव्र-जाकोने हे सगळे कसब एका छपराखाली आणले. हीच पुढे झेनिथ म्हणून ओळखली गेलेली घड्याळ कंपनी. ज्यांनी कारखान्यात हात काळे केलेत त्यांना याचं मोल कळेल. भाग बसेना, तर तो करणाऱ्याला शेजारच्या खोलीत जाऊन विचारता येतं!

गांधीजींचं ते साखळीचं घड्याळ याच कंपनीचं. 2009 साली न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला, तेव्हा तुम्ही फोटो पाहिला असेल.

आता 10 जानेवारी 1969. त्या दिवशी झेनिथने ‘एल प्रिमेरो’ जाहीर केलं. स्टॉपवॉच असलेलं, किल्ली न देता मनगटाच्या हालचालीवर चालणारं घड्याळ. त्याचं हृदय तासाला 36,000 ठोके देतं. सेकंदाला दहा. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग ते खरोखर मोजतं. कानाशी धरा, साध्या घड्याळाची टिकटिक वेगळी ऐकू येते. याची नुसती सळसळ.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानचं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, घड्याळ बाजारात आलं आणि पुढच्या काही वर्षांत स्वित्झर्लंडमधले कारखाने पटापट बंद पडू लागले. झेनिथ तोवर शिकागोच्या, झेनिथ याच नावाच्या रेडिओ-टीव्ही कंपनीकडे गेली होती. 1975 मध्ये तिकडून हुकूम आला : यांत्रिक घड्याळं बंद, अवजारं वजनावर विकून टाका.

वजनावर! मला इथे थांबायलाच हवं. मी 31 वर्षं टूलरूममध्ये, कारखान्याची अवजारं बनवायच्या विभागात, काढली. आमचा एक विभाग बंद झाला तेव्हा रॅकवरचे डाय, म्हणजे पत्र्यातून भाग काढायचे पोलादी साचे, टेम्पोत भरले जाताना मी फाटकाशी उभा होतो. एकेक डाय घासायला आमच्या माणसांना दोन-दोन महिने लागलेले. भंगारवाल्याने काटा लावला, किलोचा भाव सांगितला, झालं. ड्रॉइंगं शाबूत होती, कपाटात. पण तीन वर्षांनी तोच भाग पुन्हा हवा झाला तेव्हा त्या ड्रॉइंगांवरून तो कुणाला जमेना. कारण डाय कुठे किती घासायचा, हे ड्रॉइंगमध्ये नव्हतंच. ते डायमध्ये होतं आणि निवृत्त झालेल्या फिटरच्या बोटांत होतं. मला आजही त्याचा राग येतो.

झेनिथमध्ये शार्ल व्हर्मो नावाचे कारागीर होते. त्यांनी मालकांना पत्र लिहून विनवलं, उपयोग झाला नाही. मग ते कामाची वेळ संपल्यावर एकेक वस्तू उचलून कारखान्याच्या पोटमाळ्यावर नेऊ लागले. सुमारे दीडशे प्रेस, कॅम, धातू कापायची हत्यारं. प्रत्येकावर चिठ्ठी. आणि शेजारी वही : कोणता भाग कोणत्या क्रमाने करायचा, कोणतं हत्यार कुठे ठेवलंय. मला लपवण्यापेक्षा ही वही मोठी वाटते. नोकरी धोक्यात घालून लोखंड वाचवणारा माणूस एखादा मिळेलही. पण आपल्यानंतर येणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या माणसासाठी चिठ्ठ्या लिहीत बसणारा?

1978 मध्ये कंपनी पुन्हा स्विस हातांत आली. 1980 च्या दशकात एल प्रिमेरो परत करायचं ठरलं, तेव्हा व्हर्मोंनी पोटमाळ्याचं दार उघडून दिलं. 1988 मध्ये रोलेक्सने आपल्या डेटोना घड्याळात तेच यंत्र घेतलं, ठोके 28,800 वर आणून. सन 2000 पर्यंत ते चाललं.

घंटा वाजली, म्हणजे पाच मिनिटं उरली. ‘झेनिथ’ हे आधी एका यंत्राचं नाव, 1911 मध्ये ते कंपनीचं झालं. 1909 मध्ये फ्रेंच वैमानिक ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्याच्या मनगटावर झेनिथ होतं. न्यूशातेल वेधशाळेच्या अचूकतेच्या स्पर्धेत ‘135’ या यंत्राने 1950 ते 1954 सलग पाच वर्षं पहिला क्रमांक मिळवला. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. 1999 मध्ये कंपनी फ्रान्सच्या एलव्हीएमएच समूहाकडे गेली. तो पोटमाळा आजही तिथेच, ल लोक्लच्या जुन्या इमारतीत आहे.

आमच्या रॅकवरचा एक डाय मी त्या दिवशी मागून घेतला होता. तो इथे टेबलावर आहे. त्याला तारेने बांधलेली पत्र्याची पट्टी बघा, आमच्या फिटरकाकांनी खिळ्याने कोरलंय : ‘डावीकडे पातळ पत्री घालणे, नाहीतर बुरी येते.’ बुरी म्हणजे कापलेल्या कडेला राहणारा खरबरीत कंगोरा. पहिल्या रांगेपासून फिरवा. बोटं जपा, धार अजून आहे.