शिराझला सासरी जाताना

नमस्कार, श्रोतेहो.

2014चा मार्च महिना. माझी बॅग जमिनीवर उघडी होती आणि आई तिच्यात मोरपंखी साडी ठेवत होती. "असू दे गं. साडीला कुणी नावं ठेवत नाही," असं तिचं म्हणणं. पुण्यात शिकायला आलेल्या एका इराणी मुलाशी माझं लग्न ठरत आलं होतं. त्यांचा नवरोझ, म्हणजे नव्या वर्षाचा सण, 20-21 मार्चला असतो. त्या सणाला मी पहिल्यांदाच त्याच्या घरी, शिराझला निघाले होते. आईचं म्हणणं मलाही पटलं होतं. आपल्याकडे थोरामोठ्यांसमोर जायचं तर साडी, हे लहानपणापासून पाहिलेलं.

साडी तिथे रस्त्यावर चालतच नाही. कंबर दिसते, पाठ दिसते, दंड दिसतात. आपल्या डोळ्यांना जे उघडं वाटतसुद्धा नाही, ते तिथे सगळ्यांत आधी नजरेत भरतं. उलट घट्ट जीन्स, जिच्यावरून आमच्या आजीने कपाळाला आठ्या घातल्या असत्या, ती तिथल्या मुली लांब कोटाखाली सर्रास घालतात. मर्यादा दोन्हीकडे आहे. ती अंगावर कुठे आखली आहे, ती जागा मात्र वेगळी आहे.

माझ्या ओळखीत आता बऱ्याच मुली आहेत ज्यांचा जोडीदार इराणचा, ओमानचा, जॉर्डनचा आहे. पहिल्या भेटीला जाताना त्या हमखास विचारतात, "काय घालू?" आपण पटकन म्हणतो, देश तसा वेश. ही म्हण मला अपुरी वाटते. देशाचा वेश फक्त दाराबाहेर लागतो. दाराच्या आत त्या घराची रीत असते, आणि ती शेजारच्या घरापेक्षाही वेगळी असू शकते. मी इराणबद्दलच बोलणार आहे, कारण तेवढंच मी जवळून पाहिलं आहे. लग्नाच्या कागदपत्रांचा विषय किचकट आहे, त्यासाठी वकीलच गाठावा.

आधी दाराबाहेरचं. इराणमध्ये 1979च्या क्रांतीनंतर स्त्रियांवर डोकं झाकण्याची सक्ती येत गेली आणि 1983मध्ये तिचा कायदा झाला. परदेशी पाहुणीही त्यातून सुटत नाही. माझ्या व्हिसाच्या फोटोतसुद्धा डोक्यावर ओढणी होती. विमान उतरायला लागलं तशा आजूबाजूच्या बायकांनी पर्समधून रुमाल काढले. त्या रुमालाला तिथे रुसरी म्हणतात, आणि वरच्या सैल, लांब कोटाला मांतो. सरकारी कचेरीतल्या आणि विद्यापीठातल्या बायका शिवलेली, गळ्याभोवती बसणारी टोपडीसारखी मग्नए घालतात. चादोर म्हणजे डोक्यापासून पावलांपर्यंतचं अर्धवर्तुळाकार कापड. रस्त्यावर चादोर घालायलाच हवी असा कायदा नाही. ज्या घालतात त्या श्रद्धेने, सवयीने किंवा घरच्या वळणाने घालतात.

आपल्या कपाटातलं काय चालतं? गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता आणि सलवार उत्तम चालते. ओढणी सुती घ्या. जॉर्जेट आणि रेशीम केसांवरून घसरतं आणि दिवसभर हात डोक्यावरच राहतो. मी पहिल्या दिवशी नेमकी शिफॉनची घेतली होती. बाजारात एका हातात पिशवी आणि दुसरा हात डोक्यावर, असं तासभर चालल्यावर नणंदेने तिथल्याच दुकानातून मला सुती रुसरी घेऊन दिली. मागे गाठ कशी मारायची तेही शिकवलं.

सप्टेंबर 2022मध्ये हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनीचा तेहरानमध्ये कोठडीत असताना मृत्यू झाला आणि देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. तेव्हापासून मोठ्या शहरांत कित्येक जणी डोक्यावर काहीच न घेता फिरतात. कायदा मात्र जागेवर आहे. मला ही सक्ती मान्य नाही, आणि ज्या बायका जिवावर उदार होऊन ती झुगारतात त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. तरीही पाहुणीने त्यांचं बघून रुसरी सोडावी असं मला वाटत नाही. गाडीत बसलेल्या बाईचं डोकं उघडं दिसलं तर इशाऱ्याचा मेसेज गाडीच्या मालकाला जाऊ शकतो. गाड्या जप्तही झाल्या आहेत. तुम्ही पंधरा दिवसांनी परत येणार. तो मेसेज दिराच्या फोनवर राहणार.

आता दाराच्या आतलं. मी निघण्याआधी जोडीदाराला विचारलं होतं, घरात काय घालू? तो म्हणाला, "काहीही चालेल." तो खोटं बोलत नव्हता. इराणी लोकांच्या बोलण्यात 'तआरोफ' नावाची एक अदब असते. समोरच्याला कसलंही बंधन सांगायचं नाही, आपली अडचण बोलून दाखवायची नाही. शिवाय आपल्या घरातल्या बायका कोणासमोर काय घालतात, याकडे त्याने जन्मात कधी लक्ष दिलं नव्हतं. आपल्याकडचे मुलगेही देत नाहीत. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, त्याला विचारू नका, त्याच्या बहिणीला विचारा. बहीण नसेल तर वहिनीला. मी नणंदेला विचारलं तेव्हा तिने फोनवरच चार प्रश्न केले. बाह्या केवढ्या? गळा केवढा? मोजे आणते आहेस ना? आणि आजीला भेटायला जाताना घालशील असं काय आहे? मोज्यांचं मला सुचलंच नसतं. तिथेही चपला दाराशी काढतात, गालिच्यावर अनवाणी बसतात, पण आजीसारख्या जुन्या वळणाच्या बायका परक्या पुरुषासमोर पाऊलही झाकतात.

परका कोण, हे समजून घेणं महत्त्वाचं. ज्या पुरुषांसमोर स्त्रीला डोकं झाकावं लागत नाही ते महरम. वडील, भाऊ, मुलगा, काका-मामा, आणि लग्नानंतर सासरे. दीर महरम नाही! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थबकलेच. माझी आजी सासऱ्यांची चाहूल लागली की पदर डोक्यावर घ्यायची, आणि धाकट्या दिराशी तिची दिवसभर थट्टा चालायची. शिराझच्या घरी नेमकं उलट. सासूबाईंची सून, म्हणजे माझी मोठी जाऊ, सासऱ्यांसमोर मोकळ्या केसांनी चहा ओतत होती. तेवढ्यात दारावर धाकट्या दिराचा आवाज आला तशी तिने खुर्चीच्या पाठीवरची फुलाफुलांची चादोर डोक्यावर ओढली, आणि चहा ओतत राहिली. तिच्या हालचालीत घाई नव्हती, संकोचही नव्हता. नणंदेच्या घरी, दोन गल्ल्या पलीकडे, हे काहीच नव्हतं. तिथे सगळे एकत्र, उघड्या डोक्याने, अर्ध्या बाह्यांत. एकाच आईच्या दोन मुलांची घरं ही.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. इराण म्हणजे काळे कपडे, अशी माझी समजूत होती. टीव्हीवर तेच दिसायचं. म्हणून नवरोझच्या दिवसासाठी मी काळा, लांब, पूर्ण बाह्यांचा ड्रेस नेला होता. सकाळी तो घालून खोलीबाहेर आले. टेबलावर हफ्त-सीन, म्हणजे नवरोझची खास मांडणी, मांडलेलं होतं: गव्हाचे हिरवे कोंब, लसूण, सफरचंद, व्हिनेगर, आणि मध्ये आरसा. सासूबाई माझ्याकडे बघून क्षणभर थांबल्या, मग हसून गालाला गाल लावला. कोणी काही बोललं नाही. नणंदेने हळूच मला आत नेलं. रस्त्यावरचा काळा कोट वेगळा, पण सणाच्या दिवशी घरात नखशिखांत काळं म्हणजे सुतक. माणूस गेलं की घरचे चाळीस दिवस, कधी वर्षभरही काळं घालतात. मग घरातलं वडीलधारं माणूस रंगीत कपडा भेट देऊन त्यांना त्यातून बाहेर काढतं. आपण दुखवटा काढतो तसंच ते. हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या घरातल्या काकांना जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि सासूबाईंनी दोनच महिन्यांपूर्वी रंग अंगावर घेतला होता. मी नणंदेचा हिरवा ड्रेस घालून बाहेर आले.

आईची साडी वाया गेली नाही. सणाच्या चौथ्या दिवशी मामीसासूबाईंकडे फक्त बायकांचं जेवण होतं. दाराशी एक खोली कपडे बदलायला ठेवलेली. कोट आणि रुसऱ्या त्या पलंगावर पडल्या, आणि बिनबाह्यांचे, चमचमते पोशाख घालून बायका बाहेर आल्या. तिथे मी मोरपंखी साडी नेसले. दोघीतिघींनी निऱ्या मोजून पाहिल्या, आणि एकीने तर माझ्याकडून नेसवूनच घेतली.

आजेसासूबाईंना भेटायला गेलो तो दिवस मी विसरणार नाही. त्या तेव्हा पंच्याऐंशीच्या. 1936मध्ये इराणचा तेव्हाचा राजा रझा शाह याने चादोरवर बंदी घातली होती. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून कापड ओढून काढत. त्या तेव्हा सात वर्षांच्या. त्यांची आई त्यानंतर कित्येक महिने घराबाहेर पडलीच नाही. हमामला, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, जायचं तर रात्री, गच्च्यांवरून. पुढे त्यांच्याच मुलींच्या वेळी हुकूम उलटा झाला. एकदा काढा म्हणणारे पोलीस, एकदा घाला म्हणणारे. त्या माझ्या डोक्यावरची सुती रुसरी नीट करत म्हणाल्या, "माझ्यासमोर काढलीस तरी चालेल, पोरी." मी काढली. त्यांनी माझे केस विंचरले. म्हणून म्हणते, सासरच्या बाईच्या डोक्यावरचं कापड बघून तिच्याबद्दल मत बनवू नका. त्या कापडाशी तिचा काय हिशोब आहे, ते तिलाच ठाऊक.

जोडीदार मुलगी असेल आणि तुम्ही जावई म्हणून जाणार असाल, तर तुमचं सोपं आहे. अर्धी चड्डी घालून बाहेर पडू नका. बायकांशी हात मिळवायला आपणहून हात पुढे करू नका, छातीवर हात ठेवून मान लववली की झालं. आणि आपल्याकडे जावयाला सोन्याची अंगठी देतात, पण इस्लाममध्ये पुरुषाला सोनं निषिद्ध आहे. माझ्या वडिलांनी हौसेने केलेली अंगठी म्हणून शेवटी चांदीची झाली.

निघायच्या आदल्या दिवशी शाहचेराग दर्ग्यात जायचं होतं. आत भिंतीपासून छतापर्यंत आरशांच्या बारीक तुकड्यांचं काम आहे, दिवे लागले की डोळे दिपतात. तिथे बायकांना चादोर सक्तीची. नसेल तर दारातच देतात. सासूबाईंनी मात्र माझ्यासाठी कापड आणून ठेवलं होतं, पांढऱ्यावर बारीक जांभळी फुलं. शेजारची शिवणारी बाई आली. तिने मला भिंतीपाशी उभं करून ते पाच-एक मीटर कापड डोक्यावर टाकलं, समोरून दोन्ही कडा सारख्या केल्या, गुडघ्यांवर बसून जमिनीलगत खडूची खूण करत माझ्याभोवती फिरली, आणि कातर चालवली. बटण नाही, हूक नाही, नाडी नाही. हनुवटीखाली मुठीत धरायची. हातात सामान असलं तर? सासूबाईंनी कड दातांत धरून दाखवली. माझी आजी पाण्याची बादली उचलताना पदराचं टोक अगदी तसंच धरायची. आपली चादर हा शब्द फारसीतून आला, एवढं मला माहीत होतं. तो डोक्यावर घेतल्यावर कसा लागतो ते त्या दिवशी कळलं.

2018 मध्ये माझ्या मुलीच्या बारशाला सासूबाई पुण्याला यायच्या होत्या. आठ दिवस आधी त्यांचा फोन. "तुमच्याकडे शुभकार्याला काळं घालत नाहीत ना? तुझ्या आईला विचारून सांग." मी कधीतरी बोलण्याच्या ओघात संक्रांतीची गोष्ट सांगितली होती, तेवढा एक सण सोडला तर काळं नको, म्हणून. त्यांनी ते चार वर्षं लक्षात ठेवलं होतं. विमानतळावर त्या बाहेर आल्या तेव्हा अंगात नवा कोट होता, पिस्त्याच्या रंगाचा, खास बारशासाठी शिवून घेतलेला. आईसाठीही कापड आणलं होतं, निळ्या फुलांचं. आईने ते दोन्ही हातांत उलगडून पाहिलं, गालाला लावलं, आणि मला म्हणाली, "याचं काय शिवायचं, ते तुझ्या सासूबाईंनाच विचार."

नमस्कार.