एका वर्षाचे पाहुणे
(लघुमाहितीपट : निवेदनाची संहिता. गाडीतले संवाद मूळ इंग्रजीत, खाली मराठी उपशीर्षकं.)

[दृश्य : डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, पिकअपच्या पुढच्या काचेतून. इंजिनचा आवाज.]

हार्लनहून लेक्सिंग्टनला पोचायला अडीच-तीन तास लागतात. पूर्व केंटकीतल्या कोळशाच्या डोंगरांमधून रस्ता खाली उतरतो आणि शेवटच्या टप्प्यात घोड्यांच्या कुरणांमधून सरळ धावतो. गाडी लेक चालवतेय, शेजारी वडील. त्यांची उमर खाणीत गेली, आता निवृत्त आहेत. आज १ फेब्रुवारी २०२५, शनिवार. रात्री रप अरेनात केंटकी विरुद्ध आर्कन्सा, कॉलेज बास्केटबॉल. आर्कन्साच्या बाकावर कोच म्हणून जो माणूस बसणार आहे, तो मागची पंधरा वर्षं केंटकीच्या बाकावर बसत होता. जॉन कॅलिपारी.

गाडीत अजून शांतता आहे. कॉफी संपायचीय.

[संवाद]
वडील : त्यानं आपल्याला बॅनर दिला.
मुलगी : एक, डॅडी. पंधरा वर्षांत एक.
वडील : त्याच्याआधी चौदा वर्षं काय मिळालं होतं?
मुलगी : त्याच्यानंतर बारा वर्षं काय मिळालं, ते बोला.

[दृश्य : रिकामं रप अरेना. छताला टांगलेले निळे-पांढरे बॅनर, कॅमेरा एकेकावरून सरकतो.]

१९४८. १९४९. १९५१. १९५८. ही चार राष्ट्रीय विजेतेपदं कोच ॲडॉल्फ रप यांच्या कारकिर्दीतली, आणि अरेनाला नावही त्यांचंच. मग १९७८, १९९६, १९९८. शेवटचा बॅनर २०१२ चा, तो कॅलिपारींचा. इथे वीस हजारांवर माणूस बसतं. राज्यात व्यावसायिक बास्केटबॉलचा मोठा संघ नाही, त्यामुळे सगळ्यांचा जीव या कॉलेजच्या पोरांत अडकलेला. लग्नाची तारीखसुद्धा सामन्यांचं वेळापत्रक बघून काढणारी घरं आम्हाला भेटली.

संघात कुणाला आणायचं, हा वाद इथे कॅलिपारींच्या कितीतरी आधीपासूनचा. १९६६ च्या अंतिम सामन्यात रप यांचा संघ पूर्ण गोरा होता. समोर टेक्सस वेस्टर्न, सुरुवातीचे पाचही खेळाडू काळे. केंटकी ७२–६५ असं हरलं. रप यांनी पहिला काळा खेळाडू घेतला तो १९६९ मध्ये. अरेनाच्या दारावरची पाटी वाचताना आता हेही आठवावं लागतं.

[दृश्य : हार्लनचं घर, स्वयंपाकघर. फडताळातल्या जुन्या रेडिओचा क्लोजअप.]

हा रेडिओ नीट बघा. स्टेशनचा काटा कुणी हलवू नये म्हणून वर चिकटपट्टी लावलीय. ती आता पिवळी पडून कडेनं सुटलीय. टीव्हीवर सामना लावायचा, टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि रेडिओवर केवुड लेडफर्ड यांचं समालोचन ऐकायचं, ही केंटकीतल्या एका अख्ख्या पिढीची सवय. लेडफर्ड मूळचे हार्लनचेच.

त्यांनी केंटकीसाठी शेवटचं समालोचन केलं तो सामना २८ मार्च १९९२ चा, फिलाडेल्फियातला. समोर ड्यूक. जादा वेळ, केंटकी एका गुणानं पुढे, घड्याळात २.१ सेकंद. ड्यूकच्या ख्रिश्चन लेटनरनं लांबून आलेला चेंडू पकडला, गिरकी घेतली आणि टाकला. १०४–१०३.

[दृश्य : छताला टांगलेल्या चार जर्सी. कॅमेरा थांबतो. आठ सेकंद निवेदन नाही.]

त्या हरलेल्या संघातल्या चौघांच्या या जर्सी. फार्मर, फेल्डहाऊस, पेल्फ्री, वूड्स. चौघांतले तिघं केंटकीचेच, फार्मर तर हार्लनजवळच्याच क्ले परगण्यातला. ही पोरं कॉलेजात आली त्याच सुमारास प्रकरण निघालं होतं : १९८८ मध्ये कुरिअरचं एक पाकीट लॉस एंजेलिसमध्ये फाटलं आणि आतून हजार डॉलर रोख बाहेर आले. पाकीट एका नव्या खेळाडूच्या वडिलांच्या नावे निघालेलं. १९८९ मध्ये कॉलेजवर बंदी आली. टीव्हीवर सामने नाहीत, राष्ट्रीय स्पर्धा नाही. बरेच खेळाडू निघून गेले. हे चौघं थांबले.

चार वर्षं थांबले म्हणून त्यांच्या जर्सी वर आहेत. स्पर्धा त्यांनी जिंकलेली नाही. या राज्यात प्रेम कशावर बसतं, ते इथे मान वर केली की दिसतं.

[दृश्य : साउथ कॅरोलिना, नॉर्थ ऑगस्टा. जुलै. क्रीडासंकुलात एकाच वेळी चाललेले सामने, बुटांचे करकर आवाज.]

आता कॅलिपारींचा कारखाना. हे चित्रण हाती लागलं याचा आम्हाला फार आनंद आहे, त्यामुळे जरा थांबू.

ही पीच जॅम नावाची स्पर्धा. सोळा-सतरा वर्षांची, शाळकरी पोरं. पण संघ शाळांचे नाहीत. उन्हाळ्यात बूट बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या साखळी स्पर्धा भरवतात, त्यातली ही नाइकीची. कपडे, बूट, बॅगा, सगळ्यावर एकच खूण. आता कडेला बघा. घडीच्या खुर्च्यांची रांग, तिच्यात पोलो शर्ट घातलेली मोठी माणसं. प्रत्येकाच्या छातीवर आपल्या कॉलेजचं चिन्ह. हे देशातले नावाजलेले कोच. लाखो डॉलर पगाराची माणसं, गुडघ्यावर कागद ठेवून गपगार बसलेली.

गपगार, कारण या दिवसांत बघायला परवानगी असते, मुलाशी बोलायला नसते. मग इतक्या लांबून येऊन करायचं काय? तर दिसायचं. पोरगा चेंडू घेऊन पळताना त्याची नजर एकदा कडेला जाते, आणि केंटकीचा मुख्य कोच पहिल्या खुर्चीत आहे एवढं त्याला कळलं की काम झालं. सहायकाला पाठवून भागत नाही. मुलाचे वडील बघतात, काका बघतो, उन्हाळी संघाचा प्रशिक्षक बघतो. नंतर फोन, नंतर घरी जाणं, नंतर कॉलेजची भेट : निळी जर्सी घालून फोटो, भरलेल्या अरेनात पोराच्या नावाचा घोष. याला म्हणतात रिक्रूटिंग. मुलांना आधीच तारे मिळालेले असतात, एकपासून पाचपर्यंत, आणि पाच ताऱ्यांची पोरं वर्षाला जेमतेम दोन-तीन डझन.

कॅलिपारींनी ओळखलं ते असं. एनबीए म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग. तिनं २००५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी करार केला : निवडीच्या वर्षात एकोणीस पूर्ण व्हायला हवीत, आणि अमेरिकन मुलाला शाळा सोडून एक वर्ष झालेलं हवं. म्हणजे शाळेतून थेट एनबीएत जाणारा मुलगा एक वर्ष कुठेतरी अडकणार. बाकीचे कोच या नियमावर चडफडत बसले. कॅलिपारी पोरांच्या घरी जाऊन सांगू लागले : ते एक वर्ष माझ्याकडे काढ. शिक्षणाच्या, परंपरेच्या थापा नाहीत. त्यांच्या प्रामाणिकपणाला मी तरी नावं ठेवणार नाही.

[दृश्य : जुने फोटो, झपाझप.]

२००९ मध्ये ते केंटकीत आले. पहिल्याच हंगामात जॉन वॉल, डेमार्कस कझिन्स, एरिक ब्लेडसो. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, पहिल्या फेरीत केंटकीचे पाच खेळाडू गेले, वॉल सगळ्यात पहिला. त्या रात्री कॅलिपारींनी हा केंटकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस असल्याचं बोलून टाकलं. सात विजेतेपदांच्या गावात! लेकीला ते वाक्य अजून पाठ आहे, वडील म्हणतात त्यांनी ते ऐकलंच नाही.

२०१२ : अँथनी डेव्हिस, अडतीस विजय, दोन पराभव, अंतिम सामन्यात कॅन्सस ६७–५९. बॅनर. वडिलांचा मुद्दा इथे संपतो.

लेकीचा इथून सुरू होतो.

[संवाद]
मुलगी : त्या संघात डेरियस मिलर होता. मेझव्हिलचा. चौथ्या वर्षाला.
वडील : डेव्हिस होता म्हणून जिंकलो.
मुलगी : डेव्हिससारखे त्यानं दरवर्षी आणले, डॅडी. मिलर किती आणले?

[दृश्य : इंडियानापोलिसचं स्टेडियम, बाहेरून.]

२०१५. अडतीस सामने, अडतीस विजय. एवढी गुणी पोरं की कॅलिपारी पाच-पाचांच्या दोन तुकड्या पाळीपाळीनं उतरवत. फायनल फोरमध्ये, म्हणजे उपांत्य फेरीत, समोर विस्कॉन्सिन, ज्यांचा म्होरक्या फ्रँक कमिन्स्की चौथ्या वर्षाचा. शेवटच्या पाचेक मिनिटांत केंटकी ६०–५६ पुढे. मग लागोपाठ तीन वेळा चेंडू हातात असताना, फटका मारायला ठरलेल्या वेळेचं घड्याळ संपलं आणि फटका बाहेर पडलाच नाही. ७१–६४. पोरं कुणी आणली यावर वाद नाही. त्या पाच मिनिटांत बाकावरून काय सांगितलं गेलं, यावर दहा वर्षं वाद आहे.

आणि पुढच्या वर्षांत खेळच वयानं मोठा झाला. करोनाच्या हंगामामुळे खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं. २०२१ पासून मुलं कॉलेज बदलून लगेच खेळू लागली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा आली. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा, चार हंगाम मार खाल्लेला गडी बाजारात मिळू लागला. कॅलिपारी तेव्हाही मुख्यतः नॉर्थ ऑगस्टाच्या त्या खुर्चीवरूनच संघ बांधत होते. नाही म्हणायला काँगोचा ऑस्कर शीब्वे दुसऱ्या कॉलेजातून आणला आणि तो २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम ठरला. त्याच मार्चमध्ये त्यानं तीस गुण केले तरी पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सनं पहिल्याच फेरीत केंटकीला ८५–७९ असं घरी पाठवलं.

२१ मार्च २०२४, पिट्सबर्ग. केंटकीकडे रॉब डिलिंगहम आणि रीड शेपर्ड, दोघं पहिल्या वर्षाचे. तीन महिन्यांनी हेच दोघे ड्राफ्टमध्ये आठवा आणि तिसरा गेले. समोर मिशिगनचं ओकलंड, मानांकन चौदावं. त्यांचा जॅक गोल्की हिल्सडेल या लहानशा, खालच्या श्रेणीतल्या कॉलेजात पदवी घेऊन आलेला. हंगामभर तो जवळजवळ तीन गुणांचेच फटके मारायचा, दुसरं काही नाही. हे केंटकीच्या कोचला ठाऊक नसणार कसं? त्या रात्री त्यानं असे दहा टाकले. बत्तीस गुण. ८०–७६.

[दृश्य : हार्लन. भिंतीवरचं शेपर्डचं पोस्टर. लेक ते काढते, गुंडाळते, रबरबँड लावते. निवेदन नाही. पंधरा सेकंद.]

शेपर्ड घरचा होता. केंटकीतल्याच लंडन गावचा. आई केंटकीकडून खेळलेली, बाप १९९६ आणि १९९८ च्या विजेत्या संघात. तोही एक वर्ष राहून गेला.

२०१९ च्या स्पर्धेनंतर कॅलिपारी जाईपर्यंतच्या पाच हंगामांत राष्ट्रीय स्पर्धेतला केंटकीचा विजय एकच, २०२३ मधला. मधल्या एका वर्षी स्पर्धाच झाली नाही, हे वडील आठवणीनं सांगतात. काढून टाकावं तर करारापोटी तेहतीस दशलक्ष डॉलर मोजावे लागले असते. एप्रिल २०२४ मध्ये ते स्वतःच आर्कन्साला गेले, काही खेळाडूही त्यांच्यामागे गेले, आणि १९९६ च्या संघाचा कर्णधार मार्क पोप केंटकीचा कोच झाला.

[दृश्य : रप अरेनाचं दार. निळ्या कपड्यांची रांग. रात्र.]

आतलं चित्रण आमच्याकडे नाही. हक्क परवडण्यातले नाहीत. आम्ही बाहेर होतो. कॅलिपारींचं नाव पुकारलं तेव्हा आत हुर्यो उडाली. केंटकी ७९, आर्कन्सा ८९.

[दृश्य : गाड्यांची रांग, लाल दिवे. पिकअपच्या आत अंधार.]

वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवलीय. लेक रेडिओ लावते, मग बंद करते. गाडी वीस मिनिटांत दोन सिग्नल सरकते.

[संवाद]
वडील : पंधरा साली विस्कॉन्सिनच्या हेजचा तो बास्केट धरायलाच नको होता.
मुलगी : कुठला?
वडील : साठ-साठ करणारा. त्यांचं घड्याळ संपलेलं होतं.
मुलगी : संपलेलंच होतं.
वडील : तिन्ही पंचांना दिसलं नाही.
मुलगी : आंधळे होते, डॅडी.

[सिग्नल हिरवा. गाडी पुढे जाते.]