साखरेच्या वळणावर अडलेला विषाणू

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी साखरेबद्दल बोलणार आहे. जिभेला गोड लागते ती साखर नव्हे. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात, गवतासारख्या दाट उगवलेल्या. पाठ्यपुस्तकात पेशी म्हणजे एक गुळगुळीत गोल आणि मधोमध केंद्रक. हे गवत चित्रात कधी दिसत नाही, आणि मला त्याची खंत वाटते. कारण बाहेरून येणाऱ्या कुठल्याही विषाणूची पेशीशी पहिली गाठ पडते ती या गवताशी. बदकाचा फ्लू बदकात का राहतो, माणसाचा माणसात का फिरतो, आणि एखादा विषाणू मधलं कुंपण ओलांडतो तेव्हा नेमकं काय बदललेलं असतं, या प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग या साखळ्यांच्या टोकाशी आहे.

प्रयोगशाळेतली एक साधी चाचणी सांगते. प्लास्टिकची एक चपटी पट्टी असते, तिला ९६ छोटे खळगे. प्रत्येक खळग्यात तपासायचा नमुना आणि कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींचं पातळ द्रावण घालायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. विषाणू नसेल तर पेशी हळूहळू तळाशी घरंगळत जातात आणि मधोमध एक ठसठशीत लाल ठिपका तयार होतो. पट्टी तिरकी केली की तो ठिपका अश्रूसारखा खाली ओघळतो. फ्लूचा विषाणू असेल तर मात्र ठिपका होतच नाही. विषाणू एका पेशीला दुसरीशी, दुसरीला तिसरीशी जोडत जातो आणि खळग्याभर एक फिकट लालसर जाळं पसरतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ ती पट्टी उजेडाकडे धरून उभी होते. विषाणू एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. तो डोळ्यांना दिसणं शक्य नाही, पण त्याची पकड दिसत होती.

ही पकड १९४१ साली जॉर्ज हर्स्ट या शास्त्रज्ञांच्या लक्षात आली. ते न्यूयॉर्कमध्ये फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवत होते. अंड्यातला द्रव काढताना रक्तवाहिनी फुटली, रक्त द्रवात मिसळलं, आणि तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या कुणी तो नमुना खराब झाला म्हणून ओतून दिला असता. हर्स्ट यांनी पुढे आणखी एक गोष्ट टिपली. थंडीत विषाणू पेशींना चिकटून राहतो, पण शरीराइतकी ऊब दिली की काही वेळाने आपणहून सुटतो. आणि एकदा सुटला की त्याच पेशींना नवा विषाणूही चिकटत नाही. म्हणजे जाताना विषाणू पेशीवरचं काहीतरी तोडून गेला होता.

ते 'काहीतरी' म्हणजे सायॅलिक आम्ल. ग्रीक भाषेत लाळेला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं, कारण ते आधी लाळेतल्या चिकट पदार्थात सापडलं होतं. साखरेच्या साखळीच्या अगदी टोकाला ते बसलेलं असतं. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारचे काटे असतात. हिमॅग्लुटिनिन हे सायॅलिक आम्ल पकडतं, न्युरॅमिनिडेज ते कापतं. आत शिरायला पकड लागते. पेशीत तयार झालेली नवी पिल्लं बाहेर पडताना त्याच साखरेला चिकटून अडकू नयेत, म्हणून कात्री लागते. नाकातल्या शेंबडातही हेच सायॅलिक आम्ल खच्चून भरलेलं असतं, आणि त्यात अडकलेला विषाणू कापत कापतच पेशीपर्यंत पोचतो. ओसेल्टामिविरसारखी फ्लूची औषधं ही कात्रीच बोथट करतात.

विषाणूची पकड कुलूप-किल्लीसारखी असते असं आपण नेहमी ऐकतो. मला ती उपमा पटत नाही. एकेका काट्याची पकड फार कमजोर असते. पण असे काटे शेकडो असतात. गवतातून चालताना कपड्यांना कुसळं चिकटतात, तसं हे आहे. एक कुसळ झटकून जातं, शंभर एकदम लागली की निघता निघत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. सायॅलिक आम्ल सगळ्या प्राण्यांत आहे, मग विषाणूला बदक आणि माणूस यांत फरक कसा कळतो? तर जोडणीवरून. सायॅलिक आम्ल शेजारच्या गॅलॅक्टोज नावाच्या साखरेला जोडलेलं असतं. गॅलॅक्टोजमधले कार्बनचे अणू क्रमाने मोजले, तर ही जोडणी कधी तिसऱ्या अणूवर असते, कधी सहाव्यावर. तिसऱ्यावर असली की साखळी बरीचशी सरळ राहते. सहाव्यावर असली की तिला बाक येतो. बदकासारख्या पाणपक्ष्यांच्या आतड्यात सरळ जोडणी असते आणि त्यांचा फ्लू मुख्यतः आतड्यात वाढतो. माणसाच्या नाकात, घशात, श्वासनलिकेत बाकदार जोडणीचं प्राबल्य असतं. पक्ष्यांचे विषाणू सरळ साखळी पसंत करतात, माणसांचे बाकदार.

आपल्याकडेही सरळ साखळी आहे, पण ती फुफ्फुसात खोलवर, अगदी वायुकोशांपाशी. १९९७ साली हाँगकाँगमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू १८ माणसांना झाला, त्यातली ६ दगावली. पण तो माणसांत पसरत गेला नाही. त्यामागच्या कारणांपैकी हे एक. खोलवर पोचलेला विषाणू जीवघेणा न्यूमोनिया करतो, पण खोकल्या-शिंकेतून बाहेर पडायला त्याला नाकाघशात मुक्काम हवा असतो, आणि तिथे त्याच्या सोयीची साखर फारशी नसते.

घोड्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या श्वासनलिकेत सायॅलिक आम्लाचा एक वेगळा प्रकार भरपूर असतो, आपल्यापेक्षा फक्त एका ऑक्सिजन अणूने वेगळा. माणसाचं शरीर तो बनवूच शकत नाही. त्यासाठी लागणारं जनुक आपल्या पूर्वजांत निदान वीस लाख वर्षांपूर्वी निकामी झालं असावं. चिंपांझीत ते अजून शाबूत आहे. अजित वर्की हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हा फरक दाखवला. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यातही हे जनुक निकामी आहे, आणि त्याच्या श्वासनलिकेतली साखर आपल्यासारखीच बाकदार आहे. १९३३ साली माणसाचा फ्लू प्रयोगशाळेत दुसऱ्या प्राण्याला यशस्वीपणे दिला गेला तो फेरेटला. त्या शास्त्रज्ञांना साखरेबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. प्राणी मात्र अचूक मिळाला.

साखरेचा हा खेळ फक्त फ्लूचा नाही. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस रक्तगटाशी संबंधित साखरा पकडतो. त्या साखरा आतड्याच्या अस्तरावर ज्यांना बनवता येत नाहीत, अशा लोकांना त्याचे काही प्रकार होतच नाहीत.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये एच५एन१ सापडला. गायीला हा फ्लू होत नाही, असंच सगळे धरून चालले होते. श्वासनलिकेत पाहिलं तर पक्ष्यांच्या धाटणीची साखर फारशी नाही. कासेतल्या ग्रंथींत मात्र ती मुबलक सापडली. विषाणू कासेतच वाढत होता, दुधातून बाहेर पडत होता. त्याच वर्षी संशोधकांनी या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनमध्ये २२६ क्रमांकाच्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसिन हे दुसरं अमिनो आम्ल बसवलं; प्रथिनं याच आम्लांच्या साखळीने बनतात. फक्त प्रथिन घेतलं होतं, जिवंत विषाणू नाही. एवढ्या एका बदलाने त्याची पसंती सरळ साखळीवरून बाकदार साखळीकडे वळली. माणसांत सहज पसरायला विषाणूला याखेरीज आणखीही बदल लागतात, हे मी मुद्दाम सांगते. तरी या २२६ कडे जगभरातल्या प्रयोगशाळांचं बारीक लक्ष असतं.

त्या खळग्यांच्या पट्टीकडे परत येते. १९६८ साली एच३एन२ हा विषाणू माणसांत आला, तेव्हा त्याचं हिमॅग्लुटिनिन पक्ष्यांकडून आलेलं होतं. तेव्हापासून तो आपल्यातच फिरतो आहे, बदलतो आहे. गेल्या काही दशकांत त्याची पकड इतकी बदलली की कोंबडीच्या पेशी त्याला नीट धरता येईनात. आता त्याच्या चाचणीसाठी बहुधा गिनीपिगचं रक्त घ्यावं लागतं. हर्स्ट यांच्या अंड्यात आज हा विषाणू असता, तर गुठळ्या झाल्याच नसत्या. कोंबडीच्या पेशी खळग्याच्या तळाशी जाऊन गुपचूप लाल ठिपका होऊन बसल्या असत्या.