मशीनपर्यंत पोचण्याआधी

[दृश्य: खल, बत्ता, पांढरी वाफ]

द्रव नायट्रोजन. तापमान उणे 196 अंश सेल्सिअस. खलात भाताची कोवळी पानं पडतात आणि बघता बघता कडक होतात. बत्त्याचे थोडे फटके, की हिरवी पूड. ही पूड वितळता कामा नये. वितळली की पेशीतलीच आरएनेज नावाची विकरं सुटतात आणि आरएनएचे, म्हणजे जनुकांवरून उतरवलेल्या प्रतींचे, तुकडे पाडायला लागतात. म्हणून मॅडम मागून सारख्या सांगतायत, "अगं, नायट्रोजन ओत आणखी. पूड ओलसर दिसली की संपलं."

पुण्यातली ही एक प्रयोगशाळा. एमएस्सी आणि पीएचडीचे विद्यार्थी इथे आरएनएचे नमुने सिक्वेन्सिंगसाठी (रेणूतली अक्षरं क्रमाने वाचण्यासाठी) तयार करायला शिकतायत. सिक्वेन्सिंगचा डेटा यातल्या बऱ्याच जणांनी लॅपटॉपवर चाळलाय. तो ज्या ट्यूबमधून येतो, ती ट्यूब मात्र आज पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भरायची आहे.

डीएनए तसा दणकट. हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतूनही तो वाचता येतो. आरएनएचं तसं नाही. त्याच्या साखरेवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो आणि तोच साखळी तुटायला कारण होतो. भरीला आरएनेज आहेच: त्वचेवर, घामात, धुळीत. त्यातलं आरएनेज ए तर इतकं चिवट, की उकळून थंड केलं तरी पुन्हा कामाला लागतं. म्हणजे ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलं, आता निर्धास्त, असं इथे म्हणता येत नाही.

त्यामुळे सकाळचा बराचसा वेळ साफसफाईतच गेला. बेंच पुसा, पिपेट पुसा, फिल्टरच्या टिप वेगळ्या ठेवा. हातमोजे घालून मोबाइल उचलला? मोजे बदला. केस मागे सारले? बदला. दाराची कडी? बदला. सुरुवातीला मुलं हसत होती. मोज्यांचा दुसरा खोका उघडला, तेव्हा हसू थांबलं.

[दृश्य: गुलाबी द्रावणाची ट्यूब, जवळून]

हे ट्रायझॉल. फिनॉल आणि ग्वानिडिनियम थायोसायनेट. 1987 मध्ये पिओत्र खोमचिन्स्की आणि निकोलेटा साक्की यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर ते बेतलंय. त्यात क्लोरोफॉर्म घालायचं, हलवायचं आणि थंड सेंट्रिफ्यूजमध्ये 12,000 जीला (गुरुत्वाच्या 12,000 पट बलाने) 15 मिनिटं फिरवायचं. ट्यूब बाहेर येते तेव्हा तीन थर झालेले असतात. खाली गुलाबी, मधे पांढुरका पापुद्रा, वर पाण्यासारखा नितळ थर. आरएनए त्या वरच्या थरात. मधल्या पापुद्र्यात डीएनए.

आता टिपचं टोक बघा. वरचा थर शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घ्यायचा मोह प्रत्येकाला होतो. "थांब. राहू दे तेवढं. लोभ करशील तर डीएनएपण येईल." मॅडमचं हे वाक्य दर बेंचवर ऐकू येतं.

पुढचं आयसोप्रोपेनॉल, इथेनॉल, सुकवणं हे सगळं तसं सरळ आहे. खरी गंमत तपासणीत.

260 आणि 280 नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो, त्या गुणोत्तराचा आकडा 2 च्या आसपास हवा. 260 आणि 230 चं गुणोत्तर घसरलं, तर फिनॉल किंवा ग्वानिडिन मागे राहिलंय असं समजायचं. पण शुद्ध म्हणजे अखंड नव्हे. अखंडपणासाठी बायोअ‍ॅनालायझर, तुकड्यांची लांबी आलेखात दाखवणारं यंत्र. तो 1 ते 10 मध्ये गुण देतो, त्याला आरआयएन म्हणतात. सहसा 7 किंवा 8 च्या वर हवा.

इथे एका मुलाचा चेहरा पडला. त्याचे गुण कमी आले. सर म्हणाले, "आकडा सोड, आलेख बघ." हिरव्या पानात क्लोरोप्लास्टचे (हरितलवकांचे) स्वतःचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, असतात, त्यांच्या आरएनएचे जादा उंचवटे आलेखात येतात आणि मशीन गोंधळतं. त्याचा नमुना ठीक होता. शेजारच्या मुलीचे गुण जेमतेम तेवढेच, पण तिच्या आलेखात उंचवटे नव्हतेच, नुसता पसरट डोंगर. तिचा नमुना तिथेच थांबवला. अख्ख्या प्रशिक्षणातला सगळ्यात मोलाचा धडा मला हाच वाटतो. सिक्वेन्सर कधीच हरकत घेत नाही. खराब आरएनए दिला तरी तो लाखो ओळी इमानेइतबारे वाचून देतो.

का थांबवायचं, ते पुढच्या टप्प्यात कळतं. एकूण आरएनएपैकी 80 टक्क्यांहून जास्त रायबोसोमचाच असतो. आपल्याला हवा तो जनुकांचा निरोप नेणारा संदेशवाहक आरएनए, जेमतेम 1 ते 5 टक्के. त्याला ए अक्षरांची लांब शेपटी असते. चुंबकीय बीड्सवर (सूक्ष्म मण्यांवर) टी अक्षरांची साखळी असते, ती शेपटीला धरते. रेणू आधीच तुटलेला असेल, तर हाती फक्त शेपटीकडचा तुकडा लागतो, बाकीचा धुऊन जातो. जिवाणूंच्या बाबतीत तर ही युक्ती चालतच नाही. तिथे रायबोसोमचा आरएनएच वेगळा काढून टाकावा लागतो.

आणि मग, इतकं जपलेला हा आरएनए मुद्दाम तोडायचा! मॅग्नेशियम, 94 अंश, मोजकी मिनिटं. फरक इतकाच, की आता तुकडे आपल्या हिशेबाने पडतात.

त्यानंतर आरएनएवरून डीएनए. हे करणारं विकर 1970 मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं, 1975 मध्ये नोबेल मिळालं. पुण्याला ही पायरी वेगळी सांगायला नको. करोनाचा विषाणू आरएनएचाच. एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या इथल्या दोन्ही संस्था इन्साकॉगच्या, म्हणजे करोनाचे जनुकक्रम वाचणाऱ्या देशभरातल्या प्रयोगशाळांच्या, जाळ्यात होत्या, आणि तिथे येणारा प्रत्येक नमुना वाचण्याआधी याच पायरीवरून जात होता.

[दृश्य: चुंबकीय स्टँड, ट्यूबच्या भिंतीला चिकटलेले तपकिरी बीड्स]

तुकड्यांच्या टोकांना अ‍ॅडॅप्टर, म्हणजे सिक्वेन्सरला पकडता येतील असे डीएनएचे छोटे दुवे, जोडून झाले. 80 टक्के इथेनॉलने दोनदा धुतलं. ते आजच बनवलेलं हवं, कालचं नको. आता बीड्स सुकतायत. इथेनॉल राहिलं तर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पायरी) बिघडतो. जास्त सुकले तर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात आणि डीएनए सुटता सुटत नाही. घड्याळाचा फारसा उपयोग नाही, पावसाळी हवेत वेळ वेगळा लागतो. चकाकी गेली आणि भेगा अजून नाहीत, तेवढ्यात पाणी घालायचं.

शेवटचा आलेख. 300 अक्षरांच्या लांबीच्या आसपास छान उंचवटा, पण 130 ला एक छोटं टोक: नुसतेच एकमेकांना जुळलेले अ‍ॅडॅप्टर. सिक्वेन्सरला असले छोटे तुकडे जास्त लवकर चिकटतात.

"सर, एवढंसंच आहे. चालेल ना?"

"नाही चालणार. बीड्स घे, नमुन्याच्या 0.8 पट. पुन्हा धू."