रात्री दोनचं यूट्यूब

[एमडीएफची खोली, कॅमेरा डावीकडून उजवीकडे]

या ज्या वायरी दिसतायत ना, यातली एकेक जोडी म्हणजे गावातला एकेक लँडलाईन फोन. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे टेलिफोन एक्स्चेंज आणि ही त्याची एमडीएफची, म्हणजे मेन डिस्ट्रिब्युशन फ्रेमची खोली, बाहेरून आलेली प्रत्येक तार आधी इथे येऊन लागते. ऑनलाईन व्हिडिओची गोष्ट सांगायची म्हटलं की सगळे थेट कॅलिफोर्नियात जातात, 23 एप्रिल 2005, सॅन दिएगोचं प्राणीसंग्रहालय, हत्तींसमोर उभा असलेला यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक जावेद करीम आणि यूट्यूबवरची पहिली, 19 सेकंदांची क्लिप. ते खरंच आहे. पण ती क्लिप या गावात आली ती या तांब्यावरून, आणि तांब्याचं कुणी नाव घेत नाही, म्हणून आपण इथून सुरू करतोय.

[काकांचे हात, पेअर म्हणजे तारांची जोडी सोलताना]

हे काका लाईनमन होते. बीएसएनएलनं जानेवारी 2005 मध्ये डेटावन नावानं ब्रॉडबँड आणलं, मुंबईत एमटीएनएलचं ट्रायबँड आणि बाकी सगळ्या महाराष्ट्रात हे, आणि गंमत म्हणजे त्यासाठी घरापर्यंत नवीन वायर टाकलीच नाही, आजोबांच्या काळात फोन घेतला तेव्हा जी जोडी आली होती तीच वापरली. आपलं बोलणं त्या तारेवर जेमतेम 4 किलोहर्ट्झपर्यंतची जागा घेतं, त्याच्या वर सगळी मोकळीच पडलेली. एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट चालवायचं तंत्र, त्या वरच्या जागेत चालतं, साधारण 25 किलोहर्ट्झच्या पुढे. घरात ती छोटी पांढरी डबी असायची बघा, स्प्लिटर, ती फोनचा आवाज एकीकडे आणि नेट दुसरीकडे काढून द्यायची. डायलअपला नेट लावलं की फोन बंद व्हायचा, इथे आईचा फोन चालू आणि पोराचं नेटपण चालू.

आता हे ऐकायला सोपं वाटतं पण सगळा खेळ पेअर कशी आहे त्यावर. एक्स्चेंजपासून घर चार-पाच किलोमीटरच्या पलीकडे गेलं की सिग्नल मरतो. मधे पिलर म्हणजे रस्त्याकडेची जोडण्यांची पेटी, मग डीपी म्हणजे खांबावरची छोटी पेटी, मग खांबावरून घरात ड्रॉप वायर, प्रत्येक ठिकाणी जॉइंट, आणि एखाद्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनवर नुसती खरखर येते पण नेट पार बसतं. काका म्हणतात, "पेअरच खराब आसंल तर मोडेम बदलून काय उपेग?" हे बघा ते कसं करतायत, बट सेट, म्हणजे लाईनमनचा तपासायचा फोन, लावून आधी डायल टोन ऐकायचा, मग जोडी वेगळी काढायची, मग जॉइंट परत बांधायचा. हा शॉट आम्ही कापला नाही, पूर्ण बघा, दीड मिनिट आहे.

[मोडेमचा क्लोजअप, दिवे लुकलुकताना]

हुआवेचा मोडेम. डीएसएलचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की घरातलं वातावरण बदलायचं.

[जुना कॉम्प्युटर, एक्सपी सुरू होतंय]

स्पीड 256 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 256 किलोबिट. सरकारनं 2004 च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणायला ठरवलेला हाच किमान आकडा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला 32 केबी (किलोबाइट), तेही सगळं नीट असेल तर. यूट्यूबचा व्हिडिओ तेव्हा 320 बाय 240 चा, फ्लॅशवर चालणारा, चार मिनिटांचं गाणं धरा दहाएक एमबी, म्हणजे बघायला चार मिनिटं आणि यायला पाच मिनिटांच्या वर. मग काय, लावायचं, लगेच पॉज करायचं आणि जेवून यायचं. तोवर पट्टी शेवटपर्यंत भरलेली. आणि तेव्हा व्हिडिओ आख्खा कॉम्प्युटरवर उतरायचा, ज्यांना माहीत होतं ते टेम्पररी फाईल्सच्या फोल्डरमधून ती फाईल उचलायचे, नावापुढे एफएलव्ही लावायचे आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये कितीही वेळा बघायचे. या सीड्यांवर मार्करनं लिहिलेलं दिसतंय ते सगळं असंच जमवलेलं.

पण खरी मजा रात्री. 500 रुपयांच्या प्लॅनमध्ये दिवसा डेटा मोजून मिळायचा, वर गेलं की बिल वाढणार, मात्र रात्री 2 ते सकाळी 8 कितीही वापरा. गावोगावची पोरं दोनला जागी. सहा तास, सेकंदाला 32 केबी, गुणाकार केला तर 690 एमबीच्या आसपास येतं, म्हणजे बरोबर एका सीडीइतकं! शहाणी पोरं डाऊनलोड मॅनेजरमध्ये वेळ लावून झोपायची, बाकीची गजर लावायची. नोव्हेंबर 2006 मध्ये राजश्रीनं 'विवाह' थिएटरसोबतच आपल्या वेबसाईटवरपण आणला, म्हणजे आख्खा पिच्चर नेटवर बघायची कल्पना आपल्या मुंबईतपण कुणालातरी सुचली होतीच. 2007 लागलं आणि त्याच तारेवर 2 एमबीपीएसपर्यंत स्पीड द्यायला लागले. तारा त्याच, लाईनमन तेच, फक्त आता कच्चा जॉइंट अजिबात चालेना, म्हणून काकांच्या खांबावरच्या चकरा वाढल्या.

[खांब, तुटलेली ड्रॉप वायर]

पुढे थ्रीजी आलं, 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, लँडलाईन कटत गेल्या आणि 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलचे सुमारे 78 हजार लोक व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले, काकापण त्यातलेच.

[काका, फायबर जोडायच्या मशीनसमोर]

आता ते एका केबलवाल्याकडे फायबरचं स्प्लायसिंग करतात. केसाएवढी काच दोन्हीकडून कापायची, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची, ठिणगी पडते आणि जोड तयार, स्क्रीनवर लॉस, म्हणजे जोडात किती प्रकाश वाया जातो, ते येतं. आकडा जास्त आला की काका तोडून परत करतात. केबलवाला म्हणतो चालतंय हो काका, काका म्हणतात नाही चालत.